रॉड ब्रेकची ॲटलास, उद्यमनगरचं लेथ आणि सुभाषनगरचं कातडं

चुलत्यांच्या जुन्या रॉड ब्रेकच्या सायकलीला मी नवे ब्रेक आणि गिअर बसवले; पावसाळ्यात अशी सायकल चालवलेल्या माणसाला ह्या सगळ्या उद्योगाचं कारण वेगळं सांगायला नको. लिव्हर दाबला की सळया वर ओढल्या जातात, घोड्याच्या नालाच्या आकाराची पट्टी उचलली जाते, रबर रिमला आतल्या बाजूनं टेकतात, इथपर्यंत सगळं नीट होतं आणि सायकल मात्र जात राहते. रिम लोखंडाची, वरून क्रोम, ती ओली झाली की रबराला पकडच नाही. उन्हाळ्यात हेच ब्रेक बरे लागतात, तक्रार नाही. पण कोल्हापुरात जून ते सप्टेंबर सायकल चालवायची आणि शिवाजी पुलाकडं उतरताना पुढं एसटी उभी असायची, म्हणजे विषय संपला.

सायकल थोरल्या चुलत्यांची. ॲटलास, काळी, २४ इंची फ्रेम, पुढं डोक्यावर पृथ्वी उचललेल्या माणसाचा पत्रा. शाहू मिलला शिफ्टला जायचे ते हिच्यावरनं, नंतर ती गोठ्याच्या मागं गेली आणि तिथंच राहिली. ॲटलास कंपनी सोनीपतची, १९५१ सालची, एके काळी गावागावात हीच सायकल दिसायची, आणि साहिबाबादचा त्यांचा कारखाना बंद पडला तो २०२० च्या ३ जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. असो. मुद्दा असा की कारखाना बंद पडला तरी ह्या सायकलीचं बहुतेक सामान अजून कुठल्याही बाजाराच्या गावात मिळतं, छर्रे, कोन, एक्सल, चेन, टायर सगळं, आणि म्हणूनच ती दुरुस्त करण्यात अर्थ आहे.

सायकल घरी आणली तेव्हा दोन प्रकारचे सल्ले मिळाले. एक म्हणजे अशीच पुसून ठेव, अँटिक आहे, आता मिळत नाहीत अशा (मिळतात, भरपूर मिळतात). दुसरा पुतण्याचा, की काका हिची फिक्सी (फ्रीव्हील नसलेली, एकाच गिअरची सायकल) करूया, मडगार्ड काढू, कॅरिअर काढू, चेनकव्हर काढू, बारीक टायर घालू आणि निऑन रंग मारू. मला दोन्ही पटलं नाही. मला रोज ऑफिसला जायला सायकल हवी होती, पावसात थांबणारी, आणि कधीतरी पन्हाळ्याला चढणारी. मडगार्ड आणि चेनकव्हर काढून कोल्हापूरच्या पावसात ऑफिसला जाऊन दाखवावं कुणीतरी, पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन मीटिंगला बसावं.

आधी सगळी खोलली. आमच्या गल्लीच्या तोंडाला एक मामा आहेत, सायकलचं दुकान म्हणजे टपरीच, पण हात चांगला. मामा म्हणाले, "ओव्हरऑइलिंग करून देतो, संध्याकाळी घिऊन जा." मी म्हटलं मामा, मला शेजारी बसून करायचंय. मग त्यांनी एक पाटा दिला बसायला.

सीटचा पाइप अडकलेला. पाइपही लोखंडी, नळीही लोखंडी, मध्ये इतक्या वर्षांचा गंज. डिझेल सोडून रात्रभर ठेवलं, हललं नाही, परत सोडलं, शेवटी मामांनी गॅसनं नळीला जराशी धग दिली आणि पाइप पान्हा लावून मागंपुढं मागंपुढं करत फिरवला. वर ओढायचं नाही, आधी फिरवायचं, फिरला की येतो.

नंतर कॉटर पिना. हे ज्यांनी केलंय त्यांना माहिती आहे की जुन्या सायकलीत सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. क्रँक (पायडलची दांडी) एक्सलवर बसलेला असतो आणि आडवी एक पाचरीसारखी पिन त्याला आवळून धरते. ती काढायची म्हणजे लोक नट काढून टाकतात आणि बारक्या हातोडीनं टकटक टकटक करत बसतात, त्यानं पिनेचं डोकं पसरतं, आटे जातात, आणि मग ती ड्रिल केल्याशिवाय निघत नाही. मामांची पद्धत वेगळी. नट फक्त पिनेच्या टोकाबरोबर येईल एवढा ढिला करायचा, क्रँकच्या खाली जाड पाइपाचा तुकडा जमिनीपर्यंत टेकवायचा म्हणजे दणका बीबीतल्या, म्हणजे पायडलचा एक्सल जिथं फिरतो त्या नळीतल्या छर्‍यांवर जात नाही, आणि मोठ्या घणानं एकच. डावी एका फटक्यात आली. उजवीला आणखी एक लागला. नवीन पिना घालताना त्यांची सपाट बाजू कानशीनं थोडी थोडी घासून बसवावी लागते, आणि दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेनं घालायच्या, एकाच बाजूनं घातल्या तर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत आणि चालवताना लंगडल्यासारखं वाटतं.

बीबी उघडताना एक लक्षात ठेवायचं, चेनच्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात. तसाच डाव्या पायडलचा आटाही उलटा. चेनकडचा कप चांगला असेल तर तो हलवायचाच नाही, आतून पुसून घ्यायचा. छर्रे दोन्ही बाजूंना अकरा अकरा, पाव इंची, सगळे नवीन घातले. जुन्यातले चांगले निवडून नव्यात मिसळायचे नाहीत, कारण जुने घासून कणभर बारीक झालेले असतात आणि मग सगळा भार नव्यांवरच येतो.

आता ब्रेक. इथं मी बरेच दिवस घातले, वहीत चित्रं काढली, बायकोनं विचारलं घराचा प्लॅन काढतोयस का.

सरळ उपाय म्हणजे साधे, रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारे कॅलिपर ब्रेक लावायचे. पण रॉड ब्रेकच्या रिमच्या कडा गोलसर असतात, बाजूनं दाबायला सपाट जागाच नाही, म्हणजे रिम बदलणं आलं. रिम बदलायची तर ॲल्युमिनियमची घ्यावी, ओल्यात ती लोखंडापेक्षा पुष्कळ बरी धरते. पण ॲल्युमिनियमची मिळते ती ७०० सी, आणि आपल्या काळ्या सायकलीची २८ × १ १/२. दुकानात दोन्हीला २८ च म्हणतात आणि तिथं घोळ होतो. टायर जिथं बसतो तिथला व्यास जुन्या रिमचा ६३५ मिमी, ७०० सी चा ६२२. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. १३ मिमीचा फरक म्हणजे त्रिज्येत साडेसहा, तेवढी रिम ब्रेकपासून आणखी लांब जाते, आणि ह्या फ्रेममध्ये आधीच टायर आणि चिमट्याच्या (चाक धरणाऱ्या फोर्कच्या) मध्ये हात जाईल एवढी जागा. एवढ्या लांब हाताचे कॅलिपर मिळाले तरी ते दाबल्यावर वाकतात, जोर रिमपर्यंत पोचतच नाही.

म्हणून रिमचा नादच सोडला आणि ब्रेक हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, घ्यायचं ठरवलं. पुढं ड्रम ब्रेकचा हब, म्हणजे स्कूटरला असतो तसाच पण लहान. मागं तीन गिअरचा हब ज्यात कोस्टर ब्रेक आहे, पायडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो. दोन्ही स्टर्मी-आर्चरचे. ही मूळची इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची कंपनी, १९०२ पासूनची, २००० साली तैवानच्या सनरेसनं घेतली आणि आता तिकडं बनतात. आतमध्ये सगळं बंद असल्यामुळं पाऊस, चिखल, काही संबंध नाही. दोन हबना मिळून जेवढे पैसे गेले तेवढ्यात एक साधी नवी सायकल आली असती हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको.

गिअरचं गणित मजेशीर आहे. जुन्या सायकलीला पुढं ४४ दाते, मागं १८ दात्यांचं फ्रीव्हील, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात साधारण ५.४ मीटर. सपाटीला ठीक आहे, चढाला उतरून ढकलायची. मी मागं २२ दात्यांचं चक्र घेतलं. तीन गिअरच्या हबमध्ये दुसरा गिअर सरळ असतो, पहिल्यात ७५ टक्के, तिसऱ्यात १३३. मग हिशोब येतो पहिल्यात ३.३, दुसऱ्यात ४.४ आणि तिसऱ्यात ५.८ मीटर. म्हणजे चुलते आयुष्यभर ज्या गिअरवर मिलला गेले तो जवळजवळ माझा तिसरा गिअर, आणि खाली अजून दोन आहेत. पुढचं चेनव्हील जुनंच ठेवलं.

हब आले आणि खरं काम सुरू झालं, कारण मागचा हब फ्रेमपेक्षा सेंटिमीटरभर रुंद. इथं लोखंडी फ्रेमचा फायदा. ॲल्युमिनियमची फ्रेम अशी वाकवायची नसते, तडा जातो, पण लोखंड थंड असतानाच हळूहळू रुंद करता येतं. शिवाजी उद्यमनगरात माझ्या ओळखीचं एक लेथचं वर्कशॉप आहे, तिथं गेलो. ज्यांनी उद्यमनगर पाहिलं नाही त्यांना सांगतो, एका गल्लीत तुम्हाला लेथ, फौंड्रीचं पॅटर्न, गिअर कटिंग, प्लेटिंग, सगळं चालत जाऊन मिळतं आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, "उद्या या." तिथल्या दादांनी आधी फ्रेम सरळ आहे का बघितलं. चाकाचा एक्सल बसतो त्या मागच्या एका खाचेत दोरा बांधायचा, तो पुढं हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत ताणून बांधायचा, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंना दोरा किती लांब आहे ते मोजायचं. सारखं आलं तर फ्रेम सरळ. आमचं दोन मिमी डावीकडं होतं. ते म्हणाले सोड, रुंद करताना तेवढं काढून देतो.

मग थ्रेडेड रॉडला दोन नट आतून लावून खाचांमध्ये धरला आणि नट बाहेर फिरवत नेले. लोखंड परत येतं हे धरून चालायचं, दहा मिमी हवेत म्हणून दहाच उघडलं तर सोडल्यावर जवळपास जिथल्या तिथं. पुष्कळ पुढं न्यायचं, सोडायचं, मोजायचं, परत. प्रत्येक वेळी दोरा. शेवटी खाचा एकमेकींना समांतर राहिलेल्या नसतात, त्या पान्ह्यानं धरून सरळ केल्या. बीबीजवळचा आडवा जोड आणि नळ्यांच्या जोडावरच्या लगची पितळी झाळ बारकाईनं बघितली, कुठं केसाएवढीही चीर नव्हती. पुढच्या चिमट्याला रुंदीपेक्षा वेगळाच प्रश्न, नव्या हबचा एक्सल जाड, खाचेत जाईना, म्हणून खाचा कानशीनं वाढवल्या. दोन्ही बाजू सारख्या घासल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं.

चाकं बांधायला परत मामांकडं. आपल्या जुन्या सायकलीत पुढं ३२ तारा आणि मागं ४०, नव्या हबना दोन्हीकडं ३६, म्हणून रिमाही ३६ भोकांच्या. मामांनी आयुष्यात ३२-४० सोडून फारसं काही बांधलेलं नाही, म्हणाले नऊ-नऊच्या चार पाळ्या, झालं. हबच्या कडा मोठ्या, त्यामुळं तारा नेहमीपेक्षा आखूड लागतात, त्या मोजून कापून आटे पाडून घेतल्या. पहिली तार व्हॉल्व्हच्या भोकाशेजारी कुठं घालायची त्यावर सगळं अवलंबून असतं, चुकलं तर व्हॉल्व्हच्या डोक्यावर तारांची फुली येते आणि पंपाचं तोंड आत जात नाही. बाकी सगळं मामांच्या कानावर. आडवा आऊट (चाकाचं डावीउजवीकडं डुलणं) काढला, उभा आऊट (वरखाली होणं) काढला, आणि मग बोटानं एकेक तार छेडत गेले, एखादी भदभद वाजली की तिच्या टोकाच्या निपलला पाना लावून पाव फेरा. मी मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप काढलं होतं, मामांनी एकदा बघितलं आणि काही बोलले नाहीत, मी ठेवून दिलं. गिअरच्या साध्या सायकलीत मागच्या चाकाच्या एका बाजूच्या तारा ताणलेल्या आणि दुसऱ्या ढिल्या असतात कारण चक्रांना जागा द्यावी लागते, ह्या हबमध्ये गिअर आत असल्यानं दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या, त्यामुळं चाक मजबूत होतं. टायर ७०० × ३८ घातले. सायकल साडेसहा मिमी खाली आली, कळत पण नाही.

दोन्ही ब्रेकना एक हात असतो, पुढचा चिमट्याला आणि मागचा खालच्या नळीला पट्टीनं घट्ट बांधायचा. हे विसरू नये. ब्रेक लावल्यावर सगळा जोर ह्या पट्टीवर येतो, ती सुटली तर हबच फिरायला बघतो. मी नायलॉनचे नट लावले आणि अजूनही अधूनमधून पाना लावून बघतो. आणखी एक गोष्ट, कोस्टरमुळं पायडलवर दोन्ही दिशांनी जोर पडतो, म्हणून कॉटर पिना जरा जरी ढिल्या असल्या तर ब्रेक मारताना टक्क आवाज येतो. थोडे दिवस चालवून नट परत आवळले तेव्हा तो गेला. आणि चेन पडली तर मागचा ब्रेक गेला, म्हणून पुढचा ड्रम पाहिजेच, निव्वळ कोस्टरवर अवलंबून राहणं मला तरी पटत नाही.

हँडल बदलावं लागलं कारण जुन्याला रॉडचे लिव्हर जोडूनच आलेले. मामांकडं एका लेडीज सायकलीचं पडलेलं मिळालं, वळणही जवळजवळ तेच. उजवीकडं एकच ब्रेक लिव्हर, डावीकडं गिअरचा, बाकी मोकळं. जुनं हँडल सळयांसकट माळ्यावर ठेवलंय, फेकवेना.

रंग मारला नाही. फ्रेमचा मूळ काळा रंग रबिंग कंपाउंडनं घासल्यावर एवढा वर आला की पावडर कोटिंगचा विचार सोडला. पुढच्या मडगार्डवरच्या सोनेरी रेषा पुसल्या होत्या, त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणाऱ्या एका पेंटरनं उभ्या उभ्या हातानं ओढून दिल्या, पट्टी न लावता. क्रोमवरचा गंज डब्यातल्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की निघतो, एवढंच.

सीटवर मात्र मी वेळ आणि पैसा दोन्ही घातला आणि मला त्याचंच जास्त कौतुक आहे. जुन्या सीटची स्प्रिंग आणि सांगाडा उत्तम, वरचं कातडं फाटून लोंबत होतं. बाहेरून चामड्याची सीट मागवायची तर किंमत बघून झोप उडते. म्हटलं कोल्हापुरात राहून कातडं बाहेरून मागवायचं? कोल्हापुरी चपलांचे कारागीर आहेत त्या सुभाषनगरात गेलो. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते जाड असतं, ताठ असतं, आणि ओलं केलं की हवा तो आकार घेतं. २०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, महाराष्ट्रातले आणि कर्नाटकातले चार-चार जिल्हे मिळून, त्याच्या बातम्या झाल्या, पण ह्या कातड्याचा दुसरा काही उपयोग होईल का हे विचारायला फारसं कुणी जात नसावं. कारागीर काकांनी सांगाडा हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि म्हणाले, "चपलेला पाय एकच असतोय, ह्येला सगळा माणूस बसणार. तळाचं कातडं घेऊया."

तळाचं जाड कातडं पाण्यात भिजवून मऊ केलं, सांगाड्यावर ओढलं, कडेनं सुतळीनं आवळून बांधलं आणि नाकाजवळ लाकडाच्या गुळगुळीत ठोकळ्यानं घोटत घोटत बसवलं. उन्हात ठेवायचं नाही, तडकतं, सावलीत वाळू द्यायचं. वाळल्यावर सुतळी सोडली तर सांगाडा काढून घेतला तरी आकार तसाच. कडा कापून, मागं आणि पुढं तांब्याचे रिव्हेट ठोकले. मी विचारलं चपलेसारखी वेणी घालता येईल का कडेला, तर म्हणाले येईल की, पण मांडीला घासेल. मग मागच्या बाजूला, स्प्रिंगच्या वर, जिथं मांडी लागत नाही, तिथं बारीक वेणी घातली त्यांनी. पुतण्यानं फक्त ह्याच एका गोष्टीचे फोटो काढले. पहिले काही दिवस सीट दगडासारखी होती, आता बसायच्या जागी हलकासा खोलगट आकार पडायला लागलाय. पावसात प्लास्टिकची पिशवी बांधावीच लागते, त्याला इलाज नाही.

पन्हाळ्याला जुलैत गेलो, मुद्दाम पाऊस बघून. वाघबीळपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर मजेत, तिथनं डावीकडं वळून घाट लागला की पहिला टाकला. सायकल वीस किलोच्या पुढची आहे, चमत्कार होत नाही, दोन वळणांवर उतरून चाललो. पण ढकलत गेलो असं म्हणता येणार नाही. गिअर उभ्या उभ्या बदलता येतो ह्याचा फायदा घाटात कळतो, थांबलो, पहिला टाकला, निघालो, साध्या गिअरच्या सायकलीला हे जमत नाही, तिथं चेन हलायला पायडल फिरावं लागतं.

उतरताना मात्र डोकं वापरावं लागतं. कोस्टर सतत दाबून उतरलं तर हब तापतो आणि आतलं ग्रीस जळतं, वास येतो. म्हणून पुढचा ड्रम धरायचा, सोडायचा, मग थोडा मागचा, परत पुढचा. रस्त्यावर लाल पाणी वाहत होतं, समोरनं टुरिस्टांच्या गाड्या, आणि सायकल जिथं थांबायला सांगितली तिथं थांबत होती. खाली येऊन हबला हात लावला तर मागचा कोमट, पुढचा चांगलाच गरम.

परत आल्यावर मामांना दाखवली. त्यांनी मागचं चाक उचलून फिरवलं, आऊट बघितला, दोन तारा छेडल्या, एका निपलला पाव फेरा दिला. मग विचारलं, "डायनामो कुठाय?" डायनामो राहिलाय. जुना टायरला घासणारा आहे, फिरतो, पण नव्या टायरची बाजू गुळगुळीत असल्यानं पावसात घसरतो आणि दिवा मिणमिणतो. त्याच्या चाकाला रबरी टोपी मिळते म्हणतात, मामा म्हणाले बघतो, बाजारात गेलो की आणतो. तोपर्यंत चार्जिंगचा दिवा लावलाय हँडलला.